बरण्यांतली भावंडं

दादा गेला आणि घरात दोन माणसं उरली. त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. बाकी उरल्या त्या बरण्या.

बरण्या सगळीकडे होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रिजच्या डोक्यावर, कपाटात पुस्तकं मागे सारून. प्रत्येक बरणीत पाणी, आणि पाण्यात बोटाएवढं एकच पिल्लू. अ‍ॅक्सोलॉटलचं. पाण्यातला सरडाच म्हणा ना, फक्त मानेशी पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. दादा कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये कामाला होता. तिथल्या जोडीची अंडी त्याने घरी आणून वाढवली होती. त्याला नि वहिनींना मूलबाळ नव्हतं. तो ह्यांनाच ‘पोरं’ म्हणायचा. मग घरात सगळेच तसं म्हणायला लागले.

धाकटा पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर कारकून होता. पन्नाशीला टेकलेला, लग्नाचं राहून गेलेला. (त्याने मुली पाहिल्या होत्या. मुलींनीही त्याला पाहिलं, तिथे घोटाळा झाला.)

दादा गेल्यापासून वहिनी बोलत नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. सकाळी उठून एकेक बरणी घ्यायच्या, जुनं पाणी काढायच्या, बादलीत निवलेलं गार पाणी घालायच्या, ड्रॉपरने बारीक किडे पिल्लाच्या तोंडाशी सोडायच्या आणि पुढची बरणी घ्यायच्या. दुपार तिथेच व्हायची. मग खिडकीशी बसून राहायच्या. कारकून बिचारा आपल्या परीने त्यांचं मन रमवायला बघायचा. ऑफिसातल्या गमती सांगायचा, उकाड्याबद्दल बोलायचा, कुठली पाइपलाइन कुठे फुटली ते इत्थंभूत सांगायचा. उत्तर एकच. “हं.”

त्या बरण्या बघून त्याला रोज गलबलून यायचं. एका आईची लेकरं, काचेतून एकमेकांना दिसतायत, पण भेट नाही! तुरुंगातसुद्धा भेटीचा दिवस असतो. शिवाय वहिनींची ती रोजची मरमर. एके दिवशी वहिनी पेन्शनच्या कामाला बाहेर पडल्या आणि कारकुनाने ठरवलं, आता पोरं एकत्र राहतील.

त्याने भलीमोठी काचेची टाकी आणली. तळाला रंगीत गोटे, मधोमध प्लॅस्टिकचं जहाज. निवलेल्या पाण्याच्या सगळ्या बादल्या ओतल्या आणि एकेक बरणी रिकामी केली. पोरं तळाशी बसून हसत होती. (ती नेहमीच हसतात, हे तो आनंदाच्या भरात विसरला.) बरण्या घासूनपुसून त्याने ओट्यावर उपड्या घातल्या.

वहिनी आल्या. टाकीकडे बघितलं, उपड्या बरण्यांकडे बघितलं आणि त्यांनी तोंड उघडलं.

“आभार मानायचे नाहीत हं, वहिनी!” कारकून म्हणाला. “घरच्या घरात कसले आभार? आता उद्यापासून तुम्ही आराम करायचा. गोटे कसे वाटले? निळे नव्हते दुकानदाराकडे, मागवून घेतले.”

वहिनींनी तोंड मिटलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या नाहीत. आराम पडला बाईला, असं वाटून कारकून खुशीत टाकीपाशी गेला आणि जागच्या जागी थिजला. एका पोराचा मागचा पाय नव्हता. दुसऱ्याचे दोन नव्हते. तिसऱ्याचे कल्ले कुरतडल्यासारखे. एक जहाजाखाली उताणं पडलं होतं, हलत नव्हतं. बाकीची सगळी हसत होती.

पाण्यात दोष! त्याच्या मनात दुसरं काही येईना. त्याने तडक खात्याच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. ‘फुकटचा पगार खातात लेकाचे,’ असं म्हणून त्याने पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला त्याला आठवलं की तो फोन त्याच्याच टेबलावर आहे.

मग त्याने साहेबांना लावला.

“साहेब, आज येता येत नाही. घरी पोरांचे पाय गेलेत.”

“काय? कुणाची पोरं?”

“दादाची.”

“अरेरे! दोन्ही पाय?”

“कुणाचे दोन, कुणाचा एक. एक तर गेलंच, साहेब.” इथे त्याचा आवाज फुटला.

“पण झालं कशाने?”

“कळत नाही. पाण्यातलंच काहीतरी असावं.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “पाण्यातलं? म्हणजे आपल्या पाण्यातलं? हे कुणाला बोललात का? बोलू नका. घरीच थांबा.”

संध्याकाळच्या आत दाराशी तीन माणसं उभी राहिली. पुढे साहेब, त्यांच्या मागे नमुन्याच्या बाटल्यांची पेटी घेतलेला खात्याचा केमिस्ट, आणि शेवटी स्टोअरकीपर. त्याच्या हातात घडीची चाकाची खुर्ची होती, लहान मुलांची. कुठूनतरी धावपळ करून त्याने मिळवली होती. कारकून बादलीत पाणी भरत होता. दार वहिनींनीच उठून उघडलं.

“वहिनी, फार वाईट झालं,” साहेब म्हणाले. “मुलं कुठे आहेत?”

वहिनी बाजूला झाल्या आणि त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. तिघं वाकले. टाकीतून वीसेक हसरे चेहरे त्यांच्याकडे बघत होते.

“ही?” केमिस्ट म्हणाला.

साहेबांच्या जिवात जीव आला तो स्पष्ट दिसला. आणि लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली, तेही दिसलं. “म्हणजे... तुम्हाला मुलं...”

“नाहीत,” वहिनी म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी बोलल्यामुळे शब्द घोगरा आला. “हीच होती. त्यांची.”

काय करावं ते स्टोअरकीपरला सुचेना. त्याने हातातली खुर्ची उघडून पुढे केली. वहिनी तिच्यात कशाबशा मावल्या, पदर तोंडाला लावला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. मोठ्याने रडल्या. चार पुरुष टाकीभोवती माना खाली घालून उभे राहिले. कारकुनाने नळाखाली ठेवलेली बादली आत भरून वाहत होती, त्याला भान नव्हतं.

रडू ओसरलं तसं त्यांनी डोळे पुसले आणि उठल्या.

“उभे काय राहिलात? बरण्या सुलट्या करा.”

मग साहेबांसकट सगळे कामाला लागले. बाटल्यांची पेटी असल्यामुळे केमिस्टचाही उपयोग झाला. वहिनी कपाने एकेक पिल्लू अलगद उचलत होत्या आणि सांगत होत्या. “ह्या वयात ह्यांना दिसत नाही फारसं. समोर हललं की तोंडात घालायचं, मग तो भाऊ असो की बहीण. म्हणून वेगळी ठेवायची. आणि गोटे कसले घातलेत, भाऊजी? गिळतात, अडकून मरतात.”

“मला वाटलं, भावंडं आहेत, एकटी पडलीत...” कारकून पुटपुटला.

“ती नव्हती हो एकटी,” वहिनी म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा हात थांबला. “सकाळी ह्यांचं पाणी बदलायचं, एवढंच माझं मागे राहिलं होतं. काल आले तर तेही नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. सगळंच चाललंय.”

कारकुनाला कुठे बघावं कळेना. त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब बरणीत बघत होते.

“आता ह्यांच्या पायांचं काय हो?” स्टोअरकीपरने भीत भीत विचारलं.

“येतील. नवे फुटतात ह्यांना. गार पाणी आणि पोटभर खाणं मिळालं की झालं.” वहिनींनी उताणं पडलेलं पिल्लू तळहातावर घेतलं. “हे नाही यायचं परत.”

ते पिल्लू त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. मंडळी गेली. जाताना साहेबांनी कारकुनाला दोन दिवसांची रजा दिली आणि खुर्ची कुणाला दिसणार नाही अशी घेऊन जायला स्टोअरकीपरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठल्या. कारकून बादली धरून शेजारी उभा राहिला. एका पिल्लाच्या मांडीशी कळीएवढं काहीतरी आलंय असं त्याला वाटलं. वहिनी म्हणाल्या, एवढ्यात नाही, तो भास आहे. मोठी झाली, सारख्या अंगाची झाली, की मग ठेवू एकत्र, अर्धी ह्या टाकीत, अर्धी दुसरीत.

बऱ्याच बरण्या झाल्यावर त्याने धीर केला.

“वहिनी, एक विचारू? परवा मी टाकी दाखवली तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि त्याआधी इतके दिवस... एक शब्द तरी बोलायचात.”

वहिनींनी बरणीचं झाकण सैल लावलं आणि पुढची घेतली.

“तुम्ही बोलू दिलंत कुठे?”

कारकून म्हणाला की छे छे, तसं मुळीच नाही, मुळात माझा स्वभाव तर ऐकून घेण्याचा, ऑफिसात कुणालाही विचारा. आणि शेवटची बरणी होईपर्यंत तो हेच म्हणत राहिला.