अंधाराचा फोटो

"विठ्ठलराव, अंधार कितीबी काळा असू द्या, माझ्या कॅमेऱ्यापुढं त्याची बिशाद न्हाई!"

सुग्रीव असं बोलला आणि तिथंच छावणीचं नशीब फिरलं!

ते टँकरचं साल. पालीच्या धरणाचा तळ म्हातारीच्या टाचेसारखा भेगाळलेला. दूध सोसायटीनं मांजरसुंब्याजवळच्या माळावर गुरांची छावणी घातलेली. चारा होता, पाणी येत होतं, उजेड तेवढा नव्हता. दिवस बुडाला की माळ घोंगडी पांघरायचा आणि माणसं आपली गुरं हंबरण्यावरून ओळखायची. त्यात रतनबाईची म्हैस व्यायला टेकलेली. "अंधारात अडली तर म्या काय चाचपू?" हा एकच घोर तिच्या जिवाला.

सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव यांनी दिव्यांसाठी अर्ज केला. तालुक्याचे साहेब म्हणाले, "छावणीत अंधार आहे, याचा फोटो जोडा."

म्हणून सुग्रीवला बोलावणं गेलं. तो रतनबाईचा पुतण्या, अंबाजोगाईला लग्नाचे फोटो काढणारा. दिवेलागणीनंतर, चंद्राच्या कोरीखाली त्यानं मांड मांडली.

"बघ काकी, तिपायी पक्की रोवायची. भिंग पुरतं उघडायचं, आयएसओ, म्हंजी कॅमेऱ्याच्या नजरेची धार, चढवायचा, शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. झऱ्यातून वाटी वाटी पाणी भरावं ना, तसा उजेड भरतो!"

"आन् तवर म्या काय करू?"

"हलू नको. श्वासबी जपून घे!"

"मला सांगशील रं, म्हशीला कोण सांगंल?"

फोटो निघाला आणि सुग्रीव स्वतःच हरखला! आभाळ निळंशार, कडबा सोन्यासारखा, रतनबाईच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा लख्ख! विठ्ठलरावांनी तर पाठ थोपटली. काय काढायला सांगितलं होतं, याची आठवण त्या घडीला एकालाही झाली नाही.

आठवण झाली ती साहेबांच्या टेबलापुढं.

"हा दुपारचा फोटो आहे," साहेब गुरकावले. "फसवता आम्हाला?"

विठ्ठलरावांनी टेबलाखालून सुग्रीवचा पाय दाबला. पण कलेवर आळ आलेला! गप्प कसा बसेल?

"दुपारचा कावून असंल साहेब? रातचाच हाय! वर चांदण्या बघा की!"

साहेबांनी चष्मा चढवला. "अरे, खरंच! म्हणजे तुमच्याकडं रात्री एवढा उजेड असतो?"

"तसं न्हाई साहेब..."

"आणि हे काय? लाईट नाही म्हणता अन् म्हशीमागं पंखा फिरतोय!"

"ती... ती शेपटी हाय साहेब. शटर उघडं असताना ती हालवत हुती, म्हणून..."

कारकून फायलीत तोंड घालून हसला. सुग्रीवचे कान तव्यावरच्या भाकरीसारखे तापले.

बाहेर येताच विठ्ठलराव कडाडले, "अंधार काढ म्हणलतो बे तुला! तू तर दिवाळी काढलीस!"

त्याच संध्याकाळी सुग्रीवनं सगळं उलटं केलं. भिंग आवळलं, आयएसओ उतरवला, शटर पापणीसारखं लवलं. फोटो निघाला तो कोळशाला लाजवणारा. आता कोण उजेड म्हणतो बघू!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो फोटो उभा धरला, आडवा धरला, खिडकीपाशी नेऊन बघितला. मग फार मायेनं म्हणाले, "कॅमेऱ्याचं टोपण काढायचं राहिलंय तुमचं."

अर्ज परत आला.

छावणीत शिरताना सुग्रीवला माळ उगाच लांब झाल्यासारखा वाटला. हौदावरच्या बायकांनी विचारलं, "झालं का रं मंजूर?" त्यानं नकाराची मान हलवली आणि वाट धरली. रतनबाईनं त्याच्यापुढं गरम भाकरी ठेवली. तेच जास्त टोचलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

आणि दिवस बुडता बुडता म्हैस धडपडायला लागली. कंदिलाची काच काजळलेली, उजेड आपल्याच बुडाशी अडकलेला. रतनबाई ओरडली, "सुग्रीवा, आण की तुजं यंत्र! एवढा उजेड भरतुयास, वाईच सांड हितं!"

सुग्रीवनं गळ्यातला कॅमेरा उतरवून कडब्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "काकी, हे उजेड घेतं. देत न्हाई."

"मंग त्याला तालुक्याच्या कचेरीत चिकटीव! आन् तू ह्यो कंदील पूस!"

त्यानं नव्या कोऱ्या सदऱ्यानं काच पुसली आणि कंदील धरून गुडघ्यावर बसला. म्हैस मोकळी झाली. ओलंचिंब रेडकू थरथरत उभं राहिलं तशी सगळी छावणी गोळा झाली. कुणी गूळ आणला, कुणी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

फोटो काढ, असं मात्र कुणी म्हणालं नाही. सुग्रीवनंही विषय काढला नाही!