लाल चिठ्ठीचा डबा

कोरेगाव भीमाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. टेस्ट केल्याशिवाय एक वायसर पुढं सोडला नाही. अशा माणसाला माझा मेहुणा येशुदास पावडरीचे गुण सांगायला आला, इथंच माझं डोकं फिरलं!

आमची मर्सी पोलीस भरतीची तयारी करतेय. मैदानी चाचणी मंगळवारी. आठशे मीटरला तिला तीन मिनिटं दहा सेकंद लागतात, शेवटी दम संपतो. येशुदासची पावडर पाण्यातून घेतली की माणूस म्हणे थकतच नाही. तो स्वतः केडगाव स्टेशनचा जिना चढताना दोनदा थांबतो, ते सोडा. बायको, कृपाबाई, अर्थात भावाच्या बाजूची. मी बजावलं, आधी टेस्ट!

दोन सारखे डबे घेतले. एकात पावडर, दुसऱ्यात नुसतं सातूचं पीठ. कारखान्याच्या शिस्तीनं पावडरीच्या डब्याच्या बुडाला हिरवी चिठ्ठी, पिठाच्या डब्याला लाल. मर्सीला पत्ता लागू द्यायचा नाही. रोज आलटूनपालटून एकेका डब्यातलं कृपाबाईनं कालवून द्यायचं आणि मी घड्याळ घेऊन मैदानावर उभं राहायचं.

पहिला दिवस, तीन दहा. दुसरा, तीन दहा. तिसराही तीन दहा! चौथ्या दिवशी माझं टाळकं सटकलं. तिच्या मागं बोंबलत मी निम्मं मैदान पळालो. आली की दोन अठ्ठावन्नला! घरी येऊन त्या दिवसाचा डबा पालथा केला. लाल चिठ्ठी. म्हणजे पोरगी पिठावर पळाली होती!

रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर येशुदासला गाठलं आणि त्याची पार सालटी काढली. कृपाबाई मधे पडली.

"लाल चिठ्ठी म्हंजी रिजेक्ट, तुमीच तर सांगता. म्या पीठ कवाच कोंबड्यांना घातलं. रिकामा डबा बघून तुमी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हून त्यात पावडरच भरली."

येशुदास फुगला. म्हणजे दोन अठ्ठावन्न त्याच्या पावडरीचेच! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मर्सी बोलली.

"मामा, मी पिलेच न्हाई. मळमळतं. रोज जास्वंदीला वतलं."

"मग पळालीस कशी?"

"पप्पा मागनं वरडत आले. त्यांच्या तावडीतनं सुटायला पळाले."

लोक हसले. मी तणतणत घरी निघालो. वाटेत मर्सीनं गाठलं. तिचा चेहरा उतरला होता.

"पप्पा, मैदानात पालकांना सोडत न्हाईत. तुमी गेटपाशी थांबा, पन जोरात वरडा. मला ऐकू आलं पायजे."

उद्या मंगळवार. ओरडायला आधी टाळकं सटकायला हवं, म्हणून सकाळपासून येशुदासला समोर बसवून पावडरीचं कौतुक करायला लावलंय. पण काय सांगू, मला रागच येईना!