शंभर पावले पूर्वेला

एका जंगलात, मुलांनो, असे बुद्धिमान प्राणी राहत होते की ते हजार वर्षांपलीकडच्या गोष्टींखेरीज काही वाचतच नसत. त्यांनी 'विज्ञानकथा रसिक मंडळ' स्थापन केले होते. दर चैत्रात ते पांढऱ्या खडकासमोरच्या माळावर तीन दिवसांचे संमेलन भरवत आणि शेवटच्या दिवशी तिथूनच मिरवणूक काढत.

मंडळाचा अध्यक्ष होता गवा. चिटणीस होते साळिंदर. नियमावली त्याला तोंडपाठ होती, आणि त्यातला सतरावा नियम त्याचा विशेष लाडका होता. नियमात बदल करायचा असेल तर तो ठराव लागोपाठ दोन वार्षिक सभांत, एक अक्षरही न बदलता, संमत व्हायला हवा. घाईने काही चुकीचे घडू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

एका वर्षी संमेलनाच्या पहिल्याच दिवशी चंडोल सभेत आला. चंडोल जमिनीवर घरटे करतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

"अध्यक्षमहाराज, माळाच्या मधोमध आमची तीन अंडी आहेत. परवा तुमची मिरवणूक तिथूनच जाणार. सहा दिवसांत पिल्ले बाहेर येतील. तेवढे जरा बाजूला सरकाल का?"

"अरेरे!" गवा म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटले. "सरकूया की. काय हो चिटणीस?"

"जागा नियमावलीत लिहिलेली आहे," साळिंदर म्हणाले. "ठराव आणावा लागेल."

चंडोलाने ठराव मांडला: संमेलन शंभर पावले पूर्वेला भरवावे.

"पावले कोणाची?" साळिंदराने विचारले.

या प्रश्नावर दीड दिवस चर्चा झाली. हत्तीचे पाऊल अवाजवी ठरले, सशाचे पाऊल अपमानास्पद ठरले. शेवटी 'गव्याची शंभर पावले' असे ठरले आणि ठराव एकमताने संमत झाला. टाळ्या वाजल्या.

"म्हणजे उद्या मिरवणूक तिकडून ना?" चंडोलाने विचारले.

"उद्या कशी? पुढच्या वर्षी मंजुरी मिळाली की तेव्हापासून."

"पण अंडी या वर्षीची आहेत!"

"चंडोलराव, आपण इथे तत्त्व ठरवतो आहोत. अंडी हा तपशील झाला."

घरट्यावर बसलेल्या बायकोला चंडोलाने हे सांगितले.

"एकमताने?" ती म्हणाली. "मग एकानेही वाट बदलायचे कबूल केले नाही?"

"त्यांना फार वाईट वाटले, गं."

"वाटू दे. टाळ्या ऐकून खुशीत तुम्ही तिथे गायलात तर नाही ना?"

तिसऱ्या दिवशी पारितोषिकप्राप्त कथेचे वाचन झाले. दूरच्या एका ग्रहावर यंत्रांच्या चाकांखाली सापडलेल्या एका अंड्याची ती कथा होती. गवा हुंदके देऊन रडला. साळिंदराचे काटे थरथरले. मग डोळे पुसत सगळे उठले आणि मिरवणूक नेहमीच्या वाटेने निघाली.

चंडोलीण शेवटच्या क्षणापर्यंत उठली नाही. शेवटच्या क्षणी उठली.

पुढच्या चैत्रात तिने नवऱ्याला विचारले नाही. ती स्वतःच पूर्वेला उडत गेली, बोरीच्या झुडपापाशी जागा पाहिली आणि तिथे घरटे केले. पुन्हा तीन अंडी झाली. चंडोलाने सहज अंतर मोजले आणि तो धापा टाकत सभेत पोहोचला.

"अध्यक्षमहाराज, माझा ठराव मी मागे घेतो! जुनीच जागा उत्तम आहे!"

सभा थक्क झाली. मग साळिंदर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "एकदा संमत झालेला ठराव सभेचा असतो, चंडोलराव, मांडणाऱ्याचा नव्हे. फार तर नवा ठराव आणा. दोन वर्षांत होऊन जाईल."

"अहो, पण घरटे आता नेमके तिथेच आहे!"

"मागच्या वर्षी तुम्ही इथून हलवा म्हणालात, आम्ही हलवायला घेतले. आता तिथून हलवा म्हणता. मंडळाने करायचे तरी काय?"

यावर सभासद हसले. गव्याने ठराव मताला टाकला. एकही मत विरोधात गेले नाही, कारण चंडोलाला मताधिकार नव्हता.

त्यानंतर गवा गहिवरून म्हणाला, "एका चिमुकल्या पक्ष्याच्या हाकेला आपण ओ दिली! यंदा मिरवणुकीच्या अग्रभागी चालण्याचा मान चंडोलरावांचा!"

मिरवणूक नव्या जागेवरून थाटात पार पडली. इतिवृत्तात साळिंदराने नोंद केली: 'ठरावाचे सूचक पूर्वसूचनेविना गैरहजर राहिले. सभा खेद व्यक्त करते.'

तात्पर्य: मुलांनो, अन्याय झाला तर संस्थेकडे लेखी दाद अवश्य मागावी. मात्र ती मंजूर होईपर्यंत जिथे तुडवले गेलो तिथेच बसून राहावे. स्वतःहून सुरक्षित जागी जाणे म्हणजे संस्थेवर अविश्वास दाखवणे होय.