दुमानने दाखवलेली शिकार

फेरिदुन बे शिकारीला येणार आहेत, हे नुसरेतने बायकोला सांगितले तेव्हा ती द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती. तिने मान वर न करताच विचारले, "कुणाच्या कुत्र्याबरोबर?"

"आपल्या. दुमानबरोबर."

सानियेच्या हातातले पान तसेच उघडे राहिले. "तोंड उघडलंस ना तू? मागणी घालायला आले होते त्या दिवशी? मी आत कॉफी करत होते तेवढ्यात?"

तेवढ्यातच उघडले होते. फेरिदुन बे म्हणजे त्यांच्या मुलीचे, निलायचे होणारे सासरे. अदानाकडचे नावाजलेले शिकारी. त्या दिवशी ते बैठकीत डोंगरामागून डोंगर पालथे घालत होते आणि नुसरेत, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा साधा माणूस, मुकाट ऐकत होता. मग कुणास ठाऊक काय झाले, तो म्हणाला, "आमच्याकडेही चाताल्बुरुन जातीचा शिकारी कुत्रा आहे. खास तार्सुसचा. शिकारीचा वास आला की जागीच थिजतो, आणि तितराशिवाय कशापुढे थांबायचा नाही."

यातले पहिले वाक्य खरे होते. दुमानचे नाक मधोमध चिरलेले होते, दोन नाके शेजारी शेजारी बसवल्यासारखे. पण तो सानियेच्या भावाचा कुत्रा. भाऊ जर्मनीला गेला आणि दुमान लिंबाच्या झाडाखाली राहिला. तिथून तो जेवायला उठे, तेवढाच. आणि नुसरेतने बंदूक शेवटची चालवली ती वडील जिवंत असताना.

"बाबा," निलाय दारातून म्हणाली, "उद्या जेवणानंतर लग्नाची तारीख ठरायचीय. तुम्ही फक्त खरं बोला. एवढं एकच करा माझ्यासाठी."

"मी खोटं कधी बोलतो?" नुसरेत म्हणाला आणि वडिलांची बंदूक पुसायला निघून गेला.

सकाळी फेरिदुन बे आले. गाडी मुलाने, एर्गिनने आणली होती. सोबत त्यांच्या पत्नी बेल्किस हानम, मिठाईचा डबा आणि कातडी म्यानातली सुंदर बंदूक. फेरिदुन बे गाडीतून सावकाश उतरले आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडे तोंड करून म्हणाले, "सलाम, नुसरेत बे!" नुसरेत झाडाच्या बाजूलाच उभा होता. त्याला वाटले, मोठी माणसे अशीच कुठेतरी दूर बघून बोलतात.

दोघे दुमानला घेऊन गावामागच्या टेकडीवर चढले. खुरट्या ओकांची झुडपे, मेंदीसारख्या पानांच्या जाळ्या, खाली लिंबांच्या बागा. फेरिदुन बे नुसरेतच्या पावलावर पाऊल ठेवून चालत होते. पहिला बार तुमचाच, असे नुसरेतने पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. ते म्हणत, "छे छे, कुत्रा तुमचा, मान तुमचा."

आणि मग दुमान थांबला.

नुसरेतचा डोळ्यांवर विश्वास बसेना. एक पंजा वर, शेपटी काठीसारखी ताठ, दोन्ही नाके थरथरतायत. तसबिरीतल्या कुत्र्यासारखा दुमान एका झुडपापुढे थिजला होता. नुसरेतच्या छातीत अभिमानाने काहीतरी फुलले. तो बंदूक सावरून पुढे सरकला, झुडूप बाजूला केले.

आत कासव होते. ते पान चावत होते. त्याने नुसरेतकडे पाहिले आणि चावणे चालू ठेवले.

"उठलं का?" मागून फेरिदुन बेंनी कुजबुजत विचारले.

"नाही," नुसरेत म्हणाला.

"बसून राहिलंय म्हणजे मुरलेलं तितर दिसतंय. हुशार!"

नुसरेतचे कान तापले. हुशार! माणूस काय टोमणा मारतो, आणि चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नाही! त्याने दुमानला पट्टा धरून ओढले. पुढच्या झुडपात साळू होता, काटे फुलवून बसलेला. "वा!" फेरिदुन बे म्हणाले. त्याच्या पुढच्या झुडपात तर काहीच नव्हते. फेरिदुन बे तिथेही "वा!" म्हणाले. आता मात्र नुसरेतला रडू यायचे बाकी राहिले. खाली मान घालून तो चालत होता आणि मनात म्हणत होता, बोला, काय बोलायचंय ते, एकदाचं तोंडावर बोला.

जाळीच्या आडोशाला दुमान चौथ्यांदा थांबला. या वेळी जाळी मोठी होती आणि आत काहीतरी मोठे, तपकिरी हलले. नुसरेतने फांदी बाजूला केली.

आत गावचा सरपंच दुर्मुश बसला होता. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, विजार घोट्यांशी, शेजारी पाण्याचा तांब्या. दोघांची नजरानजर झाली. दुर्मुश आवाज न करता दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला. जा, जा, असे काहीतरी. मग नुसरेतच्या मागे उभा असलेला शहरी पाहुणा त्याला दिसला. गावाची अब्रू राखणारा तो माणूस. एका हाताने विजार सावरत तो खाली वाकला आणि जाळीतून तसाच दोन गुडघ्यांवर आणि एका हातावर, फांद्या मोडत, धापा टाकत पलीकडे निघून गेला.

"रानडुक्कर!" फेरिदुन बे नुसरेतचा दंड धरून ओरडले. "केवढं मोठं! घाला, घाला गोळी, बघता काय!"

नुसरेत हसला. दुसरे करणार काय? गावच्या सरपंचाला डुक्कर म्हणायचे, आणि तेही इतक्या सहज! या घरात मुलगी द्यायची? पण मुलीने एर्गिनला पसंत केले होते, आणि थाप आधी कुणी मारली होती हेही नुसरेतला विसरता येत नव्हते.

परतताना गावाजवळ, वाळलेल्या शेंगांच्या वेलांपाशी दुमान पुन्हा थिजला. नुसरेतने मनाशी ठरवले होते, आता कशाकडेही बघायचे नाही. तेवढ्यात वेलांतून फडफड झाली, काहीतरी करडे, गुबगुबीत वर उसळले, आणि नुसरेतच्या हातातली बंदूक वाजली. ती त्याने वाजवली की आपसूक वाजली, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आले नाही. एवढे खरे की त्याचे डोळे मिटलेले होते.

डोळे उघडले तेव्हा दुमान तोंडात कोंबडी धरून उभा होता. शेजारच्या जेव्रिये मावशीची नाझली. साऱ्या गल्लीत ऐटीत फिरणारी नाझली.

"पाडलं!" फेरिदुन बेंनी टाळी वाजवली. "एका बारात! आणि किती पोसलेलं तितर! यंदा तितरं भलतीच भरलेली दिसतायत हो."

नुसरेतने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले आणि कोंबडी पिशवीत कोंबली. कोंबडी आहे म्हणून सांगायला हीच वेळ होती. पण समोरच्याला सगळे दिसलेच आहे, तो मजा घेतोय, मग सांगायचे तरी कुणाला? आणि सबंध रस्ताभर फेरिदुन बे त्या एका बाराचे कौतुक करत राहिले.

घरी पोचताच त्यांनी अंगणातूनच पुकारा केला, "सानिये हानम, चुलीवर पातेलं चढवा! आमच्या व्याह्यांनी तितर आणलंय!"

आत जेवणाची मांडणी झाली होती. पानांच्या गुंडाळ्या, ताटभर हरभऱ्याचे हुमुस, सलगमचे तांबडे आंबट पाणी. तारीख ठरायची म्हणून सरपंचालाही बोलावले होते. तो आधीच येऊन बसला होता, वेगळ्या कोटात, आणि नुसरेत आल्यावर त्याने ताटातल्या लोणच्याचे बारकाईने निरीक्षण सुरू केले. मोठे पातेले आपल्या घरून घेऊन आली होती ती नेमकी जेव्रिये मावशी.

नुसरेतने पिशवी ओसरीच्या खुंटीला टांगली आणि तिच्यापुढे पाठ करून उभा राहिला.

"तू बाजूला हो, मी सोलायला घेते," सानिये म्हणाली.

"नको. नंतर."

"नंतर कधी? लग्नात?"

"ते... थंड होऊ दे."

"तितर थंड होऊ द्यायचं असतं?" बेल्किस हानमने नवऱ्याला विचारले.

"असेल इथली पद्धत," फेरिदुन बे म्हणाले.

"आमच्यात नाही बाई असली पद्धत," मावशी म्हणाली. "आणि ऐक नुसरेत, माझी नाझली सकाळपासून दिसत नाहीये. तिकडं वेलांच्या बाजूला होती. तुला दिसली का रे?"

नुसरेतने मान हलवली. ती होकाराला हलवली की नकाराला, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

"कोल्ह्यानं नेली असेल," फेरिदुन बे हळहळले. "कोल्हे फार माजलेत हल्ली."

कोल्हा! नुसरेतच्या कानशिलांतून आग निघाली. आणि तेवढ्यात दुमान ओसरीवर आला. तो नुसरेतला वळसा घालून गेला, पिशवीपुढे थांबला, पंजा उचलला, शेपटी ताठ केली आणि थिजला. सगळे बघू लागले. दुमान हलेना. पिशवीतून एक करडे पीस निसटले आणि गिरक्या घेत मावशीच्या पायाशी पडले.

निलाय बापाकडे बघत होती. तेच नुसरेतला सहन झाले नाही.

त्याने पिशवी काढली, उघडली आणि नाझलीला ओसरीवर ठेवले.

"मीच मारली," तो म्हणाला. "डोळे मिटून मारली. दुमाननं आयुष्यात तितर पाहिलेलं नाही, मी पंचवीस वर्षांत बंदूक धरलेली नाही. सकाळपासून कासव सापडलं, साळू सापडला, आणि ही. मावशी, तू मला काय म्हणायचंय ते म्हण. पण फेरिदुन बे, तुम्हाला सगळं दिसत होतं. तुम्ही पहिल्या झुडपाशीच म्हणायचं होतं, नुसरेत, तू थापाड्या आहेस. मी घरी परतलो असतो. असं दिवसभर हसत हसत टोचायचं नव्हतं."

फेरिदुन बे उठले. ओसरीपर्यंत आले, गुडघ्यावर बसले आणि वाकत वाकत इतके खाली गेले की त्यांचे नाक पिसांना लागले.

"ही कोंबडी आहे?" त्यांनी विचारले.

"फेरिदुन!" बेल्किस हानमने कपाळावर हात मारला. "तुम्ही मला म्हणालात, लांबचं अजून दिसतं!"

"लांबचं धुरकट दिसतं," फेरिदुन बे अगदी हळू म्हणाले. "जवळचंही. मला वाटलं, तुम्ही सगळे बघताय, मीच एकटा चाचपडतोय. म्हणून प्रत्येक झुडपाला वा म्हणत गेलो. क्लबात काय तोंड दाखवू, नुसरेत बे? चाळीस वर्षांचा शिकारी आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरतो!"

"आणि हातात भरलेली बंदूक?" सानियेचा आवाज चिरकला.

"भरलेली कुठली! काडतुसं मी रोज काढून ठेवते," बेल्किस हानम म्हणाली.

"ठाऊक आहे मला," फेरिदुन बे म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवले. "पण मग ते रानडुक्कर? जाळीतलं?"

सरपंच दुर्मुशचा घास तोंडातच राहिला. नुसरेतने त्याच्याकडे पाहिले. खरे बोला म्हणणारी निलाय एकीकडे, गावचा सरपंच दुसरीकडे. तो घाम पुसू लागला. शेवटी दुर्मुशनेच घास गिळला.

"डुक्करच होतं," तो गंभीरपणे म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. भलं मोठं."

मावशीने मात्र नाझलीला उचलले आणि नुसरेतपुढे धरले. "गोळी घालताना बिस्मिल्ला तरी म्हणालास का?"

"डोळे मिटले होते, मावशी."

"तोंड मिटायला पाहिजे होतं, तेही बरेच दिवस आधी. बिस्मिल्लाशिवाय मारलेली! आता ही कुणाच्या ताटात जाणार? अंडी मला कोण घालणार, तू?"

कोंबडी शेवटी दुमानच्या वाट्याला गेली. माणसांनी पानांच्या गुंडाळ्या खाल्ल्या. नुसरेतने मान वर करून एक घासही घेतला नाही. मावशीला दोन तलंगा आणून देण्याचे त्याने कबूल केले, तर ती म्हणाली, आणशील तेव्हा अंगावर बंदूक नको.

चहाच्या वेळी फेरिदुन बे त्याला शोधत अंगणात आले. एर्गिनचा हात त्यांनी दाराशीच सोडला आणि चाचपडत पायरीवर बसले. आता लपवायचे काही उरले नव्हते.

"तारीख ऑपरेशननंतरची धरू," ते म्हणाले. "चालेल ना? तुमच्या मुलीला मी आवाजावरून पसंत केलंय. चेहरा अजून नीट पाहिलेला नाही. लाज वाटत होती सांगायला."

नुसरेतने चहाचा पेला त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटे नीट बसेपर्यंत धरून ठेवला.

नळापाशी दुमान उभा होता. पोट तट्ट फुगलेले, तरी पंजा वर, शेपटी ताठ.

"थांबलाय का?" फेरिदुन बेंनी कान टवकारले. "काय आहे?"

नुसरेत उठला, वाकून पाहिले.

"बेडूक. अंगठ्याएवढा."

फेरिदुन बे पेला घेऊन हळूहळू त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. "उडी मारली का?"

"अजून नाही," नुसरेत म्हणाला, आणि दोघे व्याही वाट बघत उभे राहिले.