दोन शून्यं कमी

मापात चूक? आणि साहेबांच्या हातून? शक्यच नाही! एकतीस वर्षं वजनमापं तपासण्यात घालवलेला हा माणूस. ते दुकानात शिरले की दुकानदाराला घाम फुटायचा. एका थेंबासाठी माप जप्त करायचे, म्हणून लोक त्यांना थेंबसाहेब म्हणत.

निवृत्तीनंतर मात्र तपासायला काहीच उरलं नाही. बायको गेली, मुलगी नोकरीसाठी दूरगावी. उरला तो दूधवाला. त्याच्यासाठी रोज दाराला चिठ्ठी, तीही घनमीटरात!

"लिटर ही बाजारातली बोली," साहेब त्याला बजावत. "एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तेव्हा पाव लिटर म्हणजे ०.०००२५. लिहिलंय तेवढंच आणायचं, डोकं चालवायचं नाही!"

दूधवाला मान डोलवायचा. त्याचंही माप एकदा जप्त झालं होतं.

त्या शनिवारी मुलगी येणार होती, आठ महिन्यांनी. साहेबांनी नवी चादर घातली, तिचा कप घासून ठेवला आणि आनंदाच्या भरात अर्ध्या लिटरची चिठ्ठी लिहिली: ०.०५.

सकाळी दारात दोन भलेमोठे कॅन!

"हे काय रे?"

"पन्नास लिटर, साहेब. एक थेंब कमी नाही. चार गोठे पालथे घातले!"

साहेबांनी चिठ्ठी पाहिली. दोन शून्यं गायब! पण कबूल करतील ते साहेब कसले?

"बरोबर आहे. पन्नासच हवं होतं."

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, सुट्टी नाही मिळाली. पुढच्या महिन्यात नक्की येते. दूधबिध आणून ठेवलं नाही ना?"

"थोडंसं," साहेब म्हणाले.

आता एवढं दूध ठेवणार कुठे? साहेबांनी शेजारचं दार वाजवलं, सहा वर्षांत पहिल्यांदाच. तासाभरात जिन्यावर पातेल्यांची रांग लागली. साहेब काचेच्या मापानं मोजून देऊ लागले.

"अहो काका, ओता की सरळ!" वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली.

खालच्या शिंप्याच्या आईनं परस्पर चहा टाकला. खुर्च्या पुरेनात, लोक पलंगावर बसले, नव्या चादरीवर चहा सांडला आणि साहेब पोट धरून हसले. मुलीच्या कपातून कोण प्यायलं, तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी घर पुन्हा गप्प. साहेबांनी अकरा कप घासले, अगदी सावकाश. डागाची चादर तशीच राहू दिली. संध्याकाळी चिठ्ठी लिहायला बसले, पाव लिटर लिहिता लिहिता थांबले. घर खायला उठलं होतं. मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: ०.०५.

सकाळी अकरा कप मांडून ते दाराकडे कान लावून बसले. बेल वाजली. दूधवाल्याच्या हातात एकच पिशवी!

"साहेब, परत दोन शून्यं राहिली की! परवा मी मूर्खासारखं आणलं आणि तुम्ही मोठ्या मनानं सांभाळून घेतलंत. या वेळी डोकं चालवलं. अर्धाच लिटर आणलंय. ताई येणार असतील ना?"

साहेबांनी मांडलेल्या कपांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "माझीच चूक झाली."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक कबूल केली, आणि तीही न केलेली!