परिशिष्टातले पिठले

लसणाच्या फोडणीचा वास आधी वर्गात यायचा. त्यामागोमाग, पदर सावरत, सुमनताई. मानव विकास आणि कुटुंबशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्ही सगळ्या बाविशीच्या, त्या सत्तेचाळीसच्या. गृहविज्ञानाची पदवी त्यांनी लग्नाआधीच मिळवली होती आणि पंचवीस वर्षे ट्रंकेत जपून ठेवली होती.

धायरीतल्या त्यांच्या ज्वारीच्या रानावर आता अकरा मजले उभे होते, आणि त्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांतली जोडपी राहत होती. "जमीन गेली, पर मान्सं उगवली की! आता त्यांचाच अभ्यास," असे त्या ठसक्यात सांगत. प्रबंधासाठी त्यांनी हीच चाळीस घरे निवडली : धावपळीच्या दिवसांत घरातली माणसे एकमेकांना किती विचारतात?

मुलाखतीला जाताना काही द्यायचे नाही, काही घ्यायचे नाही, हा आमच्या शास्त्राचा नियम. सुमनताई प्रश्नावलीसोबत डबा नेत. वर प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदही केली : 'साधने : प्रश्नावली, पेन, पिठले.'

मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो सुमनताई, पिठल्याने उत्तरं दूषित होतात. आपण संशोधन करताय की खाणावळ चालवताय?"

"आवं मॅडम, दमून आलेलं मानूस उपाशीपोटी खरं बोलतंय व्हय?"

बाईंनी निवाडा दिला. दुसऱ्या कोणीतरी त्यांतल्याच पाच घरांत रिकाम्या हाताने जाऊन तेच प्रश्न विचारावेत. उत्तरे जुळली तर ठीक. नाहीतर चाळीसही मुलाखती बाद आणि सुमनताईंचे वर्ष वाया. जायचे होते मला.

मी गेले. त्यांच्यापुढे दोन-दोन तास मोकळ्या झालेल्या बायकांनी मला दहा मिनिटांत वाटेला लावले. पण उत्तरे तीच, अगदी शब्दाला शब्द. आणि पाचही दारांत साखळी न काढताच पहिला प्रश्न मलाच : "ताई नाही आल्या?"

बाईंनी कागद दोनदा ताडून पाहिले, सही केली आणि कोरडेपणाने म्हणाल्या, "ग्राह्य. पिठलं परिशिष्टात घाला."

जणू माझाच निकाल लागला होता, अशा अभिमानाने मी धायरी गाठली. त्यांच्या बंगल्याच्या आतल्या खोलीत यजमान, दोन्ही मुलगे आणि टीव्ही. स्वयंपाकघरात एकट्या सुमनताई, भाकरी थापत. बातमी ऐकून त्यांनी पिठाच्या हातानेच माझा गाल कुरवाळला. थट्टेने मी त्यांचीच प्रश्नावली उघडली. "हे एकेचाळिसावं घर. सांगा!"

"विचार की!"

सहा प्रश्नांना त्यांनी हसत, फटाफट उत्तरे दिली. मी सातवा वाचला : "आजारी पडलात, तर उशाशी कोण बसतं?"

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. वाफ जाऊन ती खाली बसेपर्यंत त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग, माझ्याकडे न वळता, म्हणाल्या,

"पुढचा."