निव्वळ जमीन

मावशींच्या दारासमोरचा रस्ता उंच करण्यात आला. यात विशेष काही नव्हतं. रस्ते उंच होतच असतात. जुन्यावर नवा थर, नव्यावर त्याहून नवा, आणि शेवटी रस्त्याने जाणाऱ्याला शेजारच्या घरात काय शिजतंय ते वरून दिसायला लागतं. या वेळी मावशींचा उंबरठा रस्त्याच्या खाली गेला, एवढंच.

किती खाली गेला, हे मावशींच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, खाटेवर बसल्या बसल्या सांगितलं. मामंजी जन्मभर गवंडी. आता गुडघे गेलेले, पण लेव्हलची नळी अजून उशाशी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, एक टोक तिथे; पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं आणि कुणाचीही भीड धरत नाही. मावशींनी एक टोक रस्त्यावर नेऊन धरलं, दुसरं मामंजींनी खाट उंबऱ्यापाशी ओढायला लावून धरलं. मग डोळे बारीक करून ते म्हणाले, "दोन फूट आणि एक बोट. सूनबाई, जोराचा पाऊस झाला की रस्त्याचं सगळं पाणी आपल्याकडे मुक्कामाला."

घर म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तीन शिलाई मशिनी, मागच्या खोलीत मामंजींची खाट. माळा नाही, की वर चढावं. मामंजींना उचलून न्यायचं तर चार माणसं लागतात, आणि मामंजी चारजणांच्या खांद्यावर एकदाच जाणार असं ठरवून बसलेले. उपाय सोपा होता: रस्त्याखालून एक मोरी, पाणी पलीकडच्या नाल्याला. पावसाळ्याला तीन महिने होते, रस्त्याचे मजूर अजून कोपऱ्यावरच होते. मावशी रस्ते खात्यात गेल्या.

रस्तेसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि समजूत घातली. मोरी टाकायला खात्याची अजिबात ना नाही. फक्त पाणी कुठे साचतं ते उंची खात्याने सांगायचं असतं. नळीत पाणी भरून सांगितलेलं चालत नाही. तसं चालवलं तर उद्या कोणीही उठून खरं बोलेल.

उंची खात्याच्या दारावर 'माहिती सर्वांसाठी खुली आहे' अशी पाटी होती आणि त्याखाली 'दार ओढून घ्या' अशी दुसरी. आतले उंचीसाहेब अत्यंत सज्जन. एखादा आपल्या नातवाचं कौतुक सांगेल तसं त्यांनी लायडारचं सांगितलं. विमान शहरावरून उडतं, खाली सेकंदाला लाखो लेझर किरण सोडतं, प्रत्येक किरण जिथे आपटतो तिथली उंची एका बिंदूत नोंदली जाते. असे अब्जावधी बिंदू. जनतेच्या पैशाने गोळा केलेले, म्हणून जनतेला मोफत. आजवर मागायला कोणी आलं नव्हतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांनी मावशींसाठी स्वतः उठून पडद्यावर रस्ता उंच झाल्यानंतरच्या उड्डाणाचा नकाशा उघडला.

मावशींची गल्ली निळीशार होती. निळं म्हणजे खोलगट. पाणी साचणार, त्रेसष्ट सेंटीमीटर.

"आमचे मामंजी दोन फूट एक बोट म्हणाले होते," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी कागदावर हिशोब केला, पुन्हा केला, आणि चष्मा काढून ठेवला. आकडा जुळत होता. मामंजींची पद्धत मान्यताप्राप्त नसली तरी त्यांचं अभिनंदन करायला हरकत नाही, असं ते म्हणाले. मावशींचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, यात आमचं घर कुठलं?

"तिथे घर नाही," साहेब म्हणाले.

"मी तिथूनच आले, साहेब."

"तुम्ही आलात हे मी नाकारत नाही. पण हा निव्वळ जमिनीचा नकाशा आहे."

मग त्यांनी समजावलं. किरण काही थेट जमिनीवर जात नाही. तो पत्र्यावर आपटतो, झाडावर, तारेवर, मध्येच उडणाऱ्या कावळ्यावरही. पण पाणी वाहतं जमिनीवरून. म्हणून खात्यात बसून आधी सगळी घरं, झाडं आणि कावळे काढून टाकावे लागतात. याला साफसफाई म्हणतात. उरते ती निव्वळ जमीन.

मावशींनी विचारलं, सगळ्यांचीच घरं काढलीत? साहेब किंचित दुखावले. खात्याने कोणाशीही भेदभाव केलेला नव्हता. स्वतः साहेबांचं घरही काढलेलं होतं.

इथवर सगळं शास्त्राला धरून होतं. घोडं अडलं ते पुढे. मोरीच्या फॉर्मवर दोन रकाने होते. 'पाणी साचते काय?' होय. 'बाधित घरे किती?' हे नकाशा बघून भरायचं. नकाशात घरं शून्य. जिथे कोणी राहतच नाही तिथे मोरी कोणासाठी टाकायची? साहेबांनी धीर दिला, की हे तुमच्या एकटीचं नाही. सबंध शहरात मिळून बाधित घरं शून्य आहेत. खात्याच्या अहवालात पहिल्याच पानावर हे यश छापलं आहे.

घरं काढण्याआधीचा कच्चा डेटा होताच. तो मिळाला की घर दिसणार, आणि ते काढल्याबद्दल हरकत घेता येणार. पण तो प्रशिक्षित माणसालाच देता येत होता. अडाणी माणसाच्या हाती कच्चा डेटा लागला तर तो त्यात वाट्टेल ते बघेल. प्रशिक्षण मोफत, तीन दिवसांचं. मावशींनी दारावर 'कपडे चार दिवस उशिरा मिळतील' असा कागद चिकटवला आणि नाव घातलं.

वर्गात त्या एकट्याच होत्या. प्रशिक्षकबाई वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण शिकवायची पोटतिडकीने. एकच विद्यार्थिनी असूनही ती मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवून बोले. पहिल्या दिवशी झाडं काढायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी घरं. मावशींचा हात लगेच बसला. तीस वर्षं लोकांच्या बिघडलेल्या शिवणी उसवलेल्या. कापडाला धक्का न लावता टाका तेवढा काढायचा, हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं. बाई म्हणाली, इतकी स्वच्छ जमीन मी स्वतःही कधी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या गल्लीचा तुकडा देतात, म्हणजे ओळखीचा भाग म्हणून सोपा जातो. मावशींसमोर त्यांची गल्ली उघडली, आणि त्या बघतच राहिल्या. त्यांचा पत्रा होता. पत्रा उडू नये म्हणून मामंजींनी ठेवायला लावलेले दोन दगड होते. पाण्याची टाकी होती, दोरीचा खांब होता. आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी कोणी त्यांचं घर इतक्या बारकाईने बघितलं होतं.

"हे माझं घर. हे राहू दे ना?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नियम तिच्या हातात नव्हते. घर राहिलं तर मावशी नापास. नापास झाल्या तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर घर काढल्याबद्दल हरकत घेता येणार नाही.

मावशींनी पदराने चष्मा पुसला आणि उसवायला घेतलं. आधी खांब. मग पत्रा, एका कडेने. मग दोन दगड. टाकी शेवटी. शंभरपैकी शंभर.

प्रमाणपत्र घेऊन त्या उंचीसाहेबांकडे हरकत नोंदवायला गेल्या. हरकतीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: 'सदर घर नकाशातून कोणी काढले?' साहेबांनी सगळ्यात ताजी नोंद, म्हणजे परीक्षेची, शोधली. खाली मावशींचीच सही होती.

"तुम्हीच काढलंत, आणि फार सुंदर काढलंत," साहेब म्हणाले. "आता मी हरकत कोणाच्या विरुद्ध नोंदवू?"

"मामंजींनी एक निरोप दिलाय. म्हणतात, देवही वरूनच बघतो. त्याला आमचं घर दिसतं."

साहेब श्रद्धाळू होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "देवाकडे कच्चा डेटा असणार."

पण माणूस दयाळू, त्यामुळे वाट काढल्याशिवाय राहवेना. नियमांच्या पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर सोय होती. त्याच वस्तीतल्या पाच प्रशिक्षित नागरिकांनी 'सदर घर आम्ही पाहिले आहे' असं लिहून दिलं, तर घर आहे असं मानता येत होतं. आणि मावशी आता प्रमाणित असल्यामुळे पाचजणांना त्या घरबसल्या शिकवू शकत होत्या. ज्ञान दिल्याने वाढतं, असं साहेब म्हणाले, आणि ते खरंच आहे.

मावशी घरोघर फिरल्या. समोरच्या चढावरच्या वहिनी, निवृत्त हेडमास्तर, चष्मेवाले, बेकरीवाले आणि गॅरेजवाले भाऊ. पाचही जणांनी ऐकताक्षणी पेन काढलं. सही कसली मागता, म्हणाले, मामंजींनी आमच्या भिंती उभ्या केल्यात, रक्ताने लिहून देतो. मावशींना गहिवरून आलं. पण अडाण्याची सही चालणार नव्हती. आधी शिकणं आलं.

चार रविवार मावशींच्या पुढच्या खोलीत, खात्याने दिलेला संगणक मध्ये ठेवून, शिलाई मशिनींना टेकून वर्ग भरला. मावशी जीव ओतून शिकवत होत्या. हेडमास्तर वहीत लिहून घेत. मामंजी आतून खाटेवरून सगळं ऐकत आणि मध्येच एखादी उंची सांगत, ती बरोबर निघे. पहिल्या रविवारी सगळ्यांना आपापलं छप्पर सापडलं. दुसऱ्या रविवारी शेजाऱ्याचं सापडलं, आणि चष्मेवाल्यांनी बेकरीवाल्यांची गच्ची दीड हात बाहेर आल्याचं मोजलं. तिसऱ्या रविवारी ते दोघे वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसले. चौथ्या रविवारी मावशींनी पाणी कसं वाहतं ते शिकवलं. नकाशावर मोरी टाकली की पाणी कुठून कुठे जाईल, हे पडद्यावर निळ्या रेघेने उमटतं. रेघ मावशींच्या दारातून निघाली, गल्लीच्या टोकाला वळली आणि नाल्याला मिळाली. वळताना गॅरेजच्या दारात आणि बेकरीच्या मागच्या पायरीपाशी जराशी रुंद झाली.

"तिथे पाणी किती?" गॅरेजवाल्या भाऊंनी विचारलं.

"दोन बोटं," आतून मामंजी म्हणाले. पडद्यावरही तेवढंच होतं.

पाचही जण उत्तम गुणांनी पास झाले. मावशी फॉर्म घेऊन गेल्या, तर भाऊंचं पेन सापडेना. बेकरीवाले म्हणाले, मावशी, तुमच्याकडे दोन फूट हे खरंच, पण सवय असते माणसाला; माझ्या पायरीला आजवर थेंब लागलेला नाही. चष्मेवाले बेकरीवाल्यांच्या विरुद्ध म्हणून सही करणार होते, पण उद्या त्यांच्याही दारात रेघ रुंद होणारच नाही याची लेखी हमी त्यांना हवी होती. हेडमास्तरांचा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा होता. वहिनी चढावर राहतात. त्यांचं काहीच जाणार नव्हतं, म्हणून त्यांना खालच्यांच्या भांडणात पडायचं नव्हतं. मात्र पाचही जणांनी मावशींच्या शिकवण्याचं तोंडभरून कौतुक केलं. इतकं स्पष्ट आम्हाला आधी कोणी दाखवलंच नव्हतं, म्हणाले.

मावशी कोरा फॉर्म घेऊन घरी आल्या. मामंजी नळीतल्या पाण्याकडे बघत होते.

"सूनबाई, अडाणी होते तेव्हा रक्ताने लिहून देत होते," ते म्हणाले. "शिकवलंस कशाला?"

मग त्यांनी खाटेच्या चारही पायांखाली विटांचे चार चार थर लावायला सांगितले. कुठली वीट पालथी, कुठली उभी, तेही सांगितलं. दगड का नको, असं मावशींनी विचारलं, तर म्हणाले, दगडापेक्षा वीट मऊ. बुडायचं तर जरा आरामात.

पहिल्याच जोराच्या पावसात पाणी आलं. मशिनींचे पाय बुडाले, लोकांचे शिवायचे कपडे मावशींनी दोरीवर उंच टांगले, आणि मामंजी विटांवरच्या खाटेत बसून भिंतीवर खडूने खूण करत राहिले. पाणी थांबलं तेव्हा खूण दोन फूट एक बोटावर होती. त्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी शोभणार नाही इतकं समाधान होतं. बेकरीवाल्यांनी गरम पाव पाठवला, वहिनींनी चहा, हेडमास्तरांनी सांत्वनाची चिठ्ठी. गल्लीत माणुसकीला तोटा नाही.

दुसऱ्या दिवशी उंचीसाहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून स्वतः आले. त्यांनी पट्टी लावली. त्रेसष्ट सेंटीमीटर. त्यांना भरून आलं. विमानातून मोजलेली उंची एका सेंटीमीटरनेही चुकली नव्हती. त्यांनी मामंजींशी हस्तांदोलन केलं, मावशींसोबत फोटो काढला आणि तिथेच मशिनीवर कागद टेकवून अहवाल भरला. डेटाची अचूकता: शंभर टक्के. प्रशिक्षित नागरिक: सहा. बाधित घरे: शून्य.

मावशी अजून सह्या मागत फिरतात. वर्ग घेणंही त्यांनी सोडलेलं नाही. कधीतरी एखादा असा शिकेल की ज्याला नकाशात आधी दुसऱ्याचं घर दिसेल, असा त्यांचा भाबडा विश्वास आहे. वर्ग मोफत आहे, माहिती सर्वांसाठी खुली आहे.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे मावशींसाठी तुमचा जीव तुटला असणारच. पण वाचता वाचता मध्येच, आपलं घर चढावर आहे की उतारावर, हा विचारही चाटून गेला असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. तुमचं प्रशिक्षण पूर्ण झालं. प्रमाणपत्र टपालाने येईल. पत्ता तेवढा सविस्तर कळवा. आमच्या नकाशात तुमचं घर नाही.